पाठ्यपुस्तके व डिजिटल अध्ययनसाधने : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप (विशेष संदर्भ : अहिल्यानगर जिल्हा)

प्रस्तावना :
आंतरक्रियात्मक डिजिटल साधने पाठ्यपुस्तकांपेक्षा अधिक परिणामकारक आहेत काय, हा प्रश्न आज वारंवार विचारला जातो. प्रस्तुत लेखात त्याचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

मुद्रित साधनांचा कालखंड :
अमेरिकन मराठी मिशनचे केंद्र अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे १८३१ साली सुरू झाले. १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक येथूनच निघाले. त्या काळी छापील मजकूर हेच नवे साधन होते. मात्र केवळ छपाईने शिक्षण पसरले नाही. १८३९ पासून येथे मुलींच्या शिक्षणाचे कार्य करणाऱ्या सिंथिया फॅरार यांच्याकडे सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले, असे चरित्रकार नमूद करतात. साधनाबरोबर शिक्षक घडविणे तितकेच आवश्यक होते, हे यावरून स्पष्ट होते. पुढे १९६७ साली ‘बालभारती’ची स्थापना झाली आणि पाठ्यपुस्तकनिर्मितीस राज्यव्यापी स्वरूप प्राप्त झाले.

डिजिटल साधनांचा कालखंड :
शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. हा प्रयोग पुढे राज्यस्तरावर स्वीकारला गेला व २०२० साली त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. येथे डिजिटल साधनाने पुस्तकाची जागा घेतली नाही. पुस्तकाचे पानच त्याचे प्रवेशद्वार झाले.

याच वर्षी शाळा बंद पडल्या आणि साधनांची खरी कसोटी लागली. ‘असर’ २०२० च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, तर ८० टक्क्यांहून अधिक मुलांजवळ चालू इयत्तेची पाठ्यपुस्तके होती. अकोले तालुक्यासारख्या डोंगराळ, आदिवासी भागाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा ठरतो. ज्या घरी फोन नाही, तेथे उत्तमोत्तम चलच्चित्रपाठाची परिणामकारकताही शून्यच. पुढे २०२३ साली स्वीडनसारख्या संपन्न देशानेही छापील पाठ्यपुस्तकांसाठी विशेष निधी दिला.

निष्कर्ष :
१) साधनाची परिणामकारकता त्याच्या उपलब्धतेपासून वेगळी मोजता येत नाही.
२) दृश्य, ध्वनी व तत्काळ प्रतिसाद ही डिजिटल साधनांची बलस्थाने होत, सर्वत्र पोहोच व पुनर्वाचनाची सोय ही पाठ्यपुस्तकाची.
३) दोन्ही कालखंडांत साधनास अर्थ प्राप्त झाला तो प्रशिक्षित शिक्षकामुळे. म्हणून साधनखरेदीबरोबरच शिक्षक-प्रशिक्षणावर खर्च होणे अगत्याचे आहे. अन्यथा नवे साधन जुनी विषमताच अधिक रुंद करील.