आफ्रिकन दफनभूमी, न्यूयॉर्क

लोअर मॅनहॅटनमधील आफ्रिकी वंशाच्या गुलाम व मुक्त लोकांची सतराव्या-अठराव्या शतकांतील दफनभूमी. क्षेत्र सु. ६.६ एकर, दफने १५,००० च्या आसपास असावीत. ट्रिनिटी चर्चने १६९७ मध्ये आपल्या आवारात आफ्रिकींच्या दफनास बंदी केली. त्यानंतर गावाबाहेरची ही जागा त्यांच्या वाट्याला आली. काहींच्या मते वापर त्याआधीपासूनचा. १७२२ च्या कायद्याने रात्रीच्या अंत्यविधींना मनाई झाली. १७९४ मध्ये दफने थांबली. पुढे भराव घालून जमीन बांधकामाखाली गेली.

शोध : १९९१ मध्ये २९० ब्रॉडवे येथे संघराज्य शासनाच्या इमारतीसाठी खोदकाम सुरू झाले. अठराव्या शतकातील नकाशात दफनभूमी स्पष्ट दाखवलेली होती. तरी इमारतींच्या पायांमुळे कबरी नष्ट झाल्या असाव्यात असे गृहीत धरले गेले. प्रत्यक्षात जाड भरावाखाली त्या शाबूत होत्या. ४१९ जणांचे अवशेष काढल्यावर, कृष्णवर्णीय नागरिकांच्या तीव्र विरोधामुळे, १९९२ मध्ये उत्खनन थांबले.

अवशेषांचा अभ्यास : हॉवर्ड विद्यापीठात मायकेल ब्लेकी यांच्या नेतृत्वाखाली झाला. काय शोधायचे हे वंशज समाजाशी बोलून ठरवले. या कामाचे खरे मोल त्यात आहे. दातांवरील एनॅमल लहानपणीच तयार होते व पुढे बदलत नाही. त्यामुळे त्यात साठलेल्या, प्रदेशानुसार वेगळ्या असणाऱ्या स्ट्राँशियम या मूलद्रव्यावरून बालपण आफ्रिकेत गेले की न्यूयॉर्कमध्ये, याचा अंदाज बांधता आला. स्नायू जोडलेल्या जागी हाडांवर अतिश्रमाच्या खुणा आढळल्या. अवशेषांपैकी जवळजवळ निम्मे मुलांचे. कबर क्र. ३४० मधील स्त्रीचे पुढचे दात तासलेले असून कंबरेभोवती मणी व कवड्यांची माळ होती. नवे नाव, नवी भाषा लादली गेली, तरी ही माळ तिच्यासोबत मातीत गेली. कबर क्र. १०१ च्या शवपेटीवर खिळ्यांनी हृदयासारखी आकृती काढली आहे. ती पश्चिम आफ्रिकेतील अकान लोकांचे ‘संकोफा’ (भूतकाळाकडे वळून शिकणे) चिन्ह मानली गेली, मात्र या अर्थाबद्दल मतभेद आहेत.

कलाकृती : याच इमारतीत ह्यूस्टन कॉनविल व सहकाऱ्यांनी घडवलेली ‘द न्यू रिंग शाउट’ ही फरशीवरील रचना व बार्बरा चेस-रिबू यांचे ‘आफ्रिका रायझिंग’ हे कांस्यशिल्प आहे. पहिलीचा आधार गुलामांचे रिंगणनृत्य.

पुनर्दफन : ऑक्टोबर २००३ मध्ये, घानात हाताने कोरलेल्या महोगनीच्या पेट्यांतून.

स्मारक : २००६ मध्ये राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा, रॉडनी लेऑन यांनी रचलेल्या बाह्य स्मारकाचे लोकार्पण २००७ मध्ये.

अभ्यागत केंद्र : २०१० पासून, २९० ब्रॉडवे येथेच.