पोलीस की अग्निशामक?

मोरजीतल्या एखाद्या घरी मुलाचे शिक्षण पुरे होत आले, की ओसरीवर नोकरीचा विषय निघतो. नोकरी सरकारी हवी, याबद्दल सहसा दुमत नसते. अंगाने धडधाकट असलेल्या मुलापुढे मग दोन गणवेश येतात. एक पोलिसाचा, दुसरा अग्निशामक जवानाचा. वेतन, बढती आणि निवृत्तीनंतरची सोय यांचा हिशेब वडीलमंडळी करतातच. परंतु या दोन्ही गणवेशांना इतिहास आहे, आणि तोही या हिशेबात धरला पाहिजे.

एके काळी ही निवड करण्याचे कारणच नव्हते. मुंबई शहरात १८५५ मध्ये आग विझवण्याचे काम पोलिसांकडेच सोपवलेले होते. चोराच्या मागे धावणारा शिपाई प्रसंग पडला की आगीकडे धावे. १८८७ साली ही जबाबदारी नगरपालिकेकडे गेली आणि दोन वाटा वेगळ्या झाल्या. त्याबरोबर दोन्ही कामांतील मूळचा भेदही स्पष्ट झाला. अग्निशामकाचा शत्रू सदैव एकच असतो. राज्य कोणाचेही असो, आग ती आगच. पोलिसाचा शत्रू कोण, हे मात्र पुष्कळदा राज्यकर्ता ठरवतो.

याचा दाखला शोधण्यासाठी मोरजीच्या माणसाला दूर जावे लागत नाही. आपल्याच पेडणे तालुक्याच्या सीमेवर पत्रादेवी आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी तेथे निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज सत्तेच्या बंदुका चालल्या. पंजाबचे कर्नेलसिंग बेनिपाल धारातीर्थी पडले. सागरच्या सहोदराबाई राय गोळी लागून जखमी झाल्या. त्याच वर्षी अस्नोड्याचे बाळा राया मापारी यांनी पोलिसांच्या कोठडीत प्राण सोडला. छळ करणाऱ्यांच्या अंगावरही गणवेशच होता, आणि त्यांनाही वरून हुकूम होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, सत्ता बदलली. पण गणवेशाच्या आत असलेल्या माणसाने विवेक जागा ठेवावा, ही गरज संपली नाही.

म्हणून पोलिसाचा पेशा हलका ठरतो काय? मुळीच नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी अतिरेक्याच्या बंदुकीची नळी हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर झेलल्या आणि सहकाऱ्यांना त्याला जिवंत पकडता आले. अधिकाराचा याहून उज्ज्वल उपयोग कोणता?

आता दुसरी बाजू पाहू. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि दारूगोळाही होता. अग्निशामक जवान पाण्याचे झोत मारीत असतानाच, दुपारी चारच्या सुमारास, प्रचंड स्फोट झाला. दलाचे ६६ जण त्या दुर्घटनेत कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

अर्थात, रोजचे काम असे इतिहासात नोंदले जाणारे नसते. उन्हाळ्यात काजूच्या बागेत वणवा शिरतो, पावसाळ्यात रस्त्यावर झाड आडवे होते, कोणाचे जनावर विहिरीत पडते. अशा वेळी बंबाची गाडी आली, की लोक तिच्याकडे वळतात. पोलिसाची गाडी आली, की काहींना धीर येतो, तर काही घरात शिरतात. हा फरक उमेदवाराने ओळखून असावे.

तेव्हा ओसरीवरच्या त्या मुलाने स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. हाती अधिकार आला तर दुबळ्याशी मी कसा वागेन, आणि अन्यायाचा हुकूम आला तर नाही म्हणण्याचे बळ माझ्यात आहे काय? याचे उत्तर निर्भयपणे देता येत असेल, तर त्याने पोलिसात अवश्य जावे. तेथे अशा माणसांची फार निकड आहे. अधिकाराची हौस नसेल, महिनोन्‌महिने सराव करीत वाट पाहण्याचा धीर असेल आणि ज्या दारातून इतर लोक बाहेर धावत आहेत त्या दारातून आत शिरण्याची छाती असेल, तर त्याने अग्निशामक दलाची वाट धरावी. वडीलमंडळींनीही वेतनाचा आकडा विचारण्याआधी हे दोन प्रश्न मुलाला विचारून पाहावेत.