टीडीएस कमी आला म्हणजे पाणी चांगलं? विहीर, हापसा आणि नळाचं पाणी खरंच सुरक्षित आहे का ते असं ओळखा

सोसायटीच्या नाहीतर गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा फोटो तुम्ही कधी ना कधी पाहिला असेल. पाण्याचा ग्लास, त्यात बुडवलेला पेनाएवढा मीटर आणि स्क्रीनवर आकडा १२०. खाली कोणीतरी लिहितं, "पाणी एकदम ओके आहे." मग चार-पाच अंगठे पडतात आणि विषय संपतो.

खरं तर विषय तिथे सुरूही झालेला नसतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पाण्याचा तज्ज्ञ नाही. पण एखादी सिस्टीम सुरक्षित आहे का हे तपासण्याची जी पद्धत आम्ही वापरतो, तीच पद्धत पाण्याच्या क्षेत्रात कितीतरी आधीपासून आहे. ती समजायला सोपी आहे आणि तिच्यासाठी महागडं मशीनही लागत नाही.

टीडीएस मीटर नेमकं काय मोजतो?

हा मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो. पाण्यात विरघळलेले क्षार जास्त असतील तर वीज जास्त वाहते. त्यावरून मीटर एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम क्षार असतील याचा अंदाज दाखवतो. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस असावा. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात.

म्हणजे पाणी खारं आहे का, हे मीटर सांगतो. जंतू आहेत का, हे नाही. एका बादलीत दोन चमचे गटाराचं पाणी टाकलं तर मीटरवरचा आकडा जेमतेम हलेल, पण ते पाणी प्यायलेलं लहान मूल दवाखान्यात जाऊ शकतं. फ्लोराइड किंवा नायट्रेट किती आहे हेही या मीटरवर वेगळं कळत नाही.

दोन वेगळे प्रश्न आहेत

पहिला प्रश्न: पाणी आत्ता कसं आहे? याचं उत्तर प्रयोगशाळा देते. दुसरा प्रश्न: हे पाणी उद्या बिघडू शकतं का? याचं उत्तर स्रोताजवळ जाऊन, डोळ्यांनी बघूनच मिळतं. याला स्वच्छता सर्वेक्षण म्हणतात.

नमुना म्हणजे स्क्रीनशॉट. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी असेल तर ते साधारण २८ हजार लिटर होतं. जंतूंच्या तपासणीत त्यातलं १०० मिलिलिटर तपासलं जातं, तेही एका दिवसाचं, एका वेळेचं. सोमवारी नमुना चांगला आला आणि मंगळवारी जोराचा पाऊस होऊन उकिरड्याचं पाणी विहिरीत उतरलं, तर सोमवारचा रिपोर्ट काय कामाचा? आमच्या भाषेत सांगायचं तर आज सर्व्हर हॅक झालेला नाही याचा अर्थ त्याला कुलूप आहे असा होत नाही. कुलूप आहे का ते वेगळं तपासावं लागतं.

१८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची मोठी साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू कुठे झाले ते शोधलं, ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाकडे बोट दाखवलं आणि पंपाचा दांडा काढायला लावला. हा भाग बऱ्याच जणांना माहीत असतो. पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. १८५५ मध्ये तिथे खोदून पाहिलं तेव्हा शेजारच्या घराचा मैलाखड्डा विहिरीपासून तीन फुटांपेक्षाही कमी अंतरावर निघाला, आणि त्याचं विटांचं बांधकाम खिळखिळं झालेलं होतं. धोका साथीच्या आधीपासून तिथेच होता, फक्त कोणी तो शोधलेला नव्हता.

हापशासाठी १० प्रश्न

जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी साधे फॉर्म बनवले आहेत. प्रत्येक प्रकारच्या स्रोतासाठी वेगळा फॉर्म असतो आणि उत्तर फक्त हो किंवा नाही. हातपंपाचे प्रश्न साधारण असे:

१. १० मीटरच्या आत संडास आहे का?
२. जवळचा संडास हापशापेक्षा चढाच्या बाजूला आहे का?
३. १० मीटरच्या आत दुसरी घाण आहे का? उदा. गोठा, शेण, उकिरडा, कचरा.
४. हापशापासून २ मीटरच्या आत पाणी साचतं का?
५. सांडपाण्याची नाली फुटलेली किंवा तुंबलेली आहे का?
६. कुंपण नसल्यामुळे जनावरं जवळ येतात का?
७. सिमेंटचा ओटा १ मीटरपेक्षा अरुंद आहे का?
८. ओट्यावर पाणी साचून राहतं का?
९. ओट्याला भेगा आहेत का?
१०. हापसा ओट्याला जिथे बसवला आहे तिथे हलतो का?

प्रत्येक "हो" ला १ गुण. ३ ते ५ गुण म्हणजे मध्यम धोका, ६ ते ८ म्हणजे जास्त, ९ किंवा १० म्हणजे अतिशय जास्त. इथे गुण जितके कमी तितकं चांगलं.

शेवटचे काही प्रश्न किरकोळ वाटतात, पण तसे नाहीत. हापसा हलत असेल तर पाइप आणि ओटा यांच्यात फट पडते. ओट्यावर धुणं-भांडी झाली, जनावरं पाणी पिऊन गेली, की तेच घाण पाणी त्या फटीतून सरळ बोअरमध्ये उतरतं. जमिनीचा जो थर पाणी गाळून घेतो, तो मधे येतच नाही.

अंतराबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. महाराष्ट्राचा मोठा भाग बेसॉल्ट म्हणजे काळ्या कातळावर आहे. या खडकात पाणी भेगांमधून वाहतं. मातीतून झिरपताना जंतू बरेच अडतात, भेगेतून वाहताना अडायला काही नसतं. म्हणून १० मीटरचा आकडा पार केला की झालं असं समजू नका. जिथे मातीचा थर पातळ आहे तिथे अंतर जितकं जास्त ठेवता येईल तितकं ठेवायला हवं.

तुमच्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे?

महाराष्ट्रात हेच काम सरकारी पातळीवर होतं. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, गावातल्या सार्वजनिक स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण करतात आणि त्यावरून ग्रामपंचायतीला कार्ड मिळतं. तीव्र जोखीम असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळं, कमी असेल तर हिरवं. सलग ५ वर्षं हिरवं कार्ड टिकवणाऱ्या ग्रामपंचायतीला चंदेरी कार्ड देतात.

गावात पाण्याची रोजची काळजी घेणाऱ्या व्यक्तीला जलसुरक्षक म्हणतात. नमुने घेणं, पाणी शुद्धीकरणाकडे लक्ष ठेवणं ही त्यांची कामं. पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे आहेत.

आपल्याला मोबाइलचा प्रोसेसर कोणता ते पाठ असतं, पण गावाच्या पाण्याचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे ते माहीत नसतं. ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. पिवळं किंवा लाल असेल तर पुढचा प्रश्न विचारा: कोणत्या स्रोतामुळे, आणि त्यावर काय काम केलं?

कोणती तपासणी काय सांगते?

- ई. कोलाय: हा जंतू माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात असतो. पाण्यात सापडला म्हणजे कुठून तरी मैला मिसळला आहे. १०० मिलिलिटर नमुन्यात तो अजिबात असता कामा नये.
- एच२एस बाटली: गावात वापरायची सोपी टेस्ट. १९८२ मध्ये भारतातच मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली. पाणी बाटलीत भरून ठेवायचं. एक-दोन दिवसांत काळं पडलं तर मैल्याची शंका घ्यायची. हा इशारा आहे, प्रयोगशाळेचा रिपोर्ट नाही.
- नायट्रेट: मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर. खतं, शेणखताचे ढीग आणि शोषखड्डे यांतून येतं. तान्ह्या बाळांसाठी खूप धोक्याचं.
- फ्लोराइड: मर्यादा १, दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅम. हे बहुतेक वेळा खडकातून येतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत हा प्रश्न जुना आहे.
- उर्वरित क्लोरीन: नळाच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर. यालाच गावात ओटी टेस्ट म्हणतात. थेंब टाकले की पाणी पिवळं होतं आणि रंग तक्त्याशी जुळवून बघायचा. तपासलेलं पाणी पिऊ नका, ओतून द्या.

जंतूंच्या तपासणीसाठी कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत पाणी नेऊ नका. त्यासाठी प्रयोगशाळेकडून निर्जंतुक बाटली मिळते. नमुना थंड ठेवून २४ तासांच्या आत पोचवावा लागतो. नाहीतर तुम्ही पाण्याची नाही, बाटलीची टेस्ट केलेली असते.

पाणी विहिरीत चांगलं, नळाला खराब. असं कसं?

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पाणी ठरावीक वेळेलाच येतं. पाणी बंद झालं की पाइपमधला दाब जातो. पाइप कुठे फुटलेला असेल आणि शेजारून गटार जात असेल तर तेच पाणी आत ओढलं जातं. पुन्हा पाणी सोडलं की ते आधी नळाला येतं. म्हणून सुरुवातीचं गढूळ, वास येणारं पाणी कधीही पिण्यासाठी भरू नका.

क्लोरीनची तपासणीही टाकीजवळच्या नळावर करून उपयोग नाही. सगळ्यात शेवटच्या घराच्या नळावर करायची. टाकीजवळ रंग येतो आणि शेवटच्या घरी येत नाही, म्हणजे वाटेत काहीतरी क्लोरीन खातंय.

टीसीएल पावडरचं गणितही समजून घ्या. ताज्या पावडरमध्ये सुमारे ३३ टक्के उपयोगी क्लोरीन असतं. १००० लिटरला १ ग्रॅम क्लोरीन द्यायचं तर अशी ३ ग्रॅम पावडर लागेल. पोतं उघडं राहिलं, ओल लागली आणि जोर २० टक्क्यांवर आला, तर तेवढ्याच क्लोरीनसाठी ५ ग्रॅम लागेल. चमचा तोच, डोस मात्र जवळपास अर्धा. पाणी गढूळ असेल तर आणखी जास्त लागतं. म्हणून पावडर टाकली का हे विचारण्यापेक्षा अर्ध्या तासाने ओटी टेस्ट केली का हे विचारा.

फोन कुठे कामाला येतो, कुठे नाही

- तारीख आणि लोकेशनसह फोटो काढा. फुटलेला ओटा, तुंबलेली नाली, गळका व्हॉल्व्ह. सहा महिन्यांनी त्याच जागेवरून पुन्हा काढा.
- १० प्रश्नांचा फॉर्म शीटमध्ये भरा. एका ओळीत एक स्रोत. गावात २० स्रोत असतील तर सगळ्यात आधी कुठला दुरुस्त करायचा ते लगेच दिसतं.
- संडास ते हापसा हे अंतर मात्र जीपीएसने मोजू नका. मोकळ्या आकाशाखालीही फोनचं जीपीएस काही मीटर चुकतं. १० मीटरच्या प्रश्नाला एवढी चूक चालत नाही. टेप वापरा.
- चढ-उतारासाठी फोनची उंची तर त्याहून बेभरवशाची. बादलीभर पाणी ओता आणि कुठे वाहतं ते बघा.
- कॅमेऱ्याने पाण्यातले जंतू ओळखतो म्हणणाऱ्या अ‍ॅपवर विश्वास ठेवू नका. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही जंतू असतात आणि साध्या कॅमेऱ्याला ते दिसत नाहीत.

शंका आली तर काय कराल?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला आणि लक्ष पाण्याच्या स्रोतांकडे गेलं. आयटी पार्क असलेल्या शहराच्या कडेला हे घडलं. हा फक्त दुर्गम पाड्यांचा प्रश्न नाही.

एकाच गल्लीत दोन-तीन घरांत जुलाब सुरू झाले तर रिपोर्टची वाट बघू नका. पाणी खळखळ उकळून प्या, आरोग्य केंद्राला आणि ग्रामपंचायतीला किंवा पालिकेला लगेच कळवा. निरोप "पाणी खराब आहे" एवढाच नको. कोणत्या नळाला, कधीपासून, किती घरांत, सोबत फोटो, असं सगळं द्या. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट आणि फ्लोराइड जात नाहीत. उलट पाणी आटल्यामुळे त्यांचं प्रमाण थोडं वाढतं. तिथे दुसरा स्रोत किंवा योग्य फिल्टर हाच उपाय.

आणि हे सगळं पावसाळा सुरू व्हायच्या आधी करायचं. ओट्याची भेग बुजवायला एक घमेलं सिमेंट-वाळू आणि एक सकाळ लागते. नाली मोकळी करायला दोन माणसं पुरतात. उकिरडा हलवायला कदाचित थोडी भांडणं होतील. पण फॉर्म भरलेला असला, फोटो हातात असले, तर ग्रामसभेत ते भांडण शेजाऱ्याशी राहत नाही, गावाचा मुद्दा होतो. या रविवारी एक हापसा किंवा एक विहीर निवडा आणि १० प्रश्न विचारून या.