क्षय, सरतान आणि पोटातील गोळा

रोगाचे नाव हे पुष्कळदा त्याचे पहिले निदान असते. म्हणूनच ते दिशाभूलही करू शकते. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत होता. घरची भाषा मराठी व कचेरीची उर्दू, अशा या प्रदेशात वैद्यांची संस्कृत आणि हकिमांची अरबी-फारसी या दोन परिभाषा शेजारी नांदल्या. वैद्यांच्या ‘क्षया’चा अर्थ झीज, हकिमांच्या ‘दिक’ या शब्दाच्या मुळाशी बारीकपणा. कर्करोगास हकिमांचे नाव ‘सरतान’, म्हणजे खेकडा. ग्रीक ‘कार्किनोस’चा अर्थही तोच. भाषा निराळ्या, कल्पना एकच : क्षयाने देह वाळतो, कर्क देहात नांगी रोवतो.

उदरातील क्षय मात्र या व्युत्पत्तीस जुमानत नाही. तो उदरावरणात व बीजांडकोशांत शिरला की पोटात पाणी साचते, गाठी होतात, पोट वाढते. स्त्री ‘पोटात गोळा आहे’ एवढेच सांगते. बीजांडकोशाच्या कर्करोगाचे चित्रही असेच. १९८० च्या दशकात प्रचारात आलेली सीए-१२५ ही रक्तचाचणीही येथे निर्णायक नव्हे, कारण तिचा आकडा दोन्ही रोगांत चढू शकतो. कर्करोग समजून पोट उघडावे आणि क्षय निघावा, असे प्रसंग भारतीय वैद्यकीय वाङ्मयात अनेकदा नोंदलेले आहेत. हा क्षय साधारणतः सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होतो. काढलेले बीजांडकोश मात्र परत येत नाहीत.

२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जाहीर केला, तेव्हा केवळ लक्षणावरून रोग ओळखण्याचा काळ तत्त्वतः संपला. व्यवहारात तो संपलेला नाही.

या संदर्भात चरकसंहितेतील रक्तगुल्माचा विचार लक्षणीय आहे. स्त्रियांनाच होणारा हा गोळा गर्भासारखा भासतो. म्हणून दहावा महिना उलटल्यावरच त्याची चिकित्सा करावी, असे तेथे सांगितले आहे. आज इतके थांबणे योग्य नव्हे, आणि त्याची गरजही नाही. दुर्बिणीतून घेतलेला ऊतीचा लहानसा तुकडा व त्याची जंतुपरीक्षा हे काम थोड्या दिवसांत करू शकतात. परंतु त्यामागील विवेक जुना झालेला नाही. ‘गोळा’ हा शब्द आकार सांगतो, कारण सांगत नाही. कारण कळेपर्यंत शस्त्राने धीर धरावा, हेच उचित होय.