चुकारा

‘चुकारा’ हा शब्द पुण्या-मुंबईच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. विकलेल्या मालाचे पैसे शेतकऱ्याला मिळणे म्हणजे चुकारा. आमच्या अमरावती-अकोल्याकडे एकेकाळी लग्नाची तारीख, किराण्याची उधारी, पोरांची फी, सगळं या एका शब्दावर अडलेलं असे. वर्गात फी मागितली की उत्तर ठरलेलं, "चुकारा आला की देतो, सर."

वऱ्हाडी शेतकरी आणि सरकार यांच्यातला पैशाचा व्यवहार जुना आहे. १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी इंग्रजांनी तगाईची घडी बसवली. विहिरीला, बैलांना, बियाण्याला सरकारी कर्ज. पण ते कर्जच, फेडावं लागायचं.

खरा बदल १९७२ सालचा. राज्य सरकारने कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली. कापूस फक्त सरकारी केंद्रावर घालायचा, व्यापाऱ्याला विकायचा नाही. पणन महासंघाचा ग्रेडर प्रत ठरवणार आणि पैसे हप्त्याहप्त्याने मिळणार. त्यातून सोसायटीचं कर्ज आधीच कापलं जाई, शिवाय भांडवल निधी आणि चढउतार निधी. केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग, रात्रभर गाडीखाली झोपलेली माणसं! बाहेर भाव चढला की कापूस गुपचूप शेजारच्या राज्यात जाई. योजना तोट्यात गेली, भ्रष्टाचारही झाला, हे खरंच. तरी मला वाटतं, त्या रांगेतला माणूस कोणाच्या दयेवर उभा नव्हता. स्वतःच्या मालाचे पैसे मागत होता.

२००२ पासून खाजगी व्यापारी पुन्हा आले, एकाधिकार संपल्यातच जमा झाला. २००५ मध्ये आगाऊ बोनसही बंद झाला. तोवर आमच्या भागातल्या आत्महत्यांच्या बातम्या दिल्लीपर्यंत पोचल्या होत्या. पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः विदर्भात येऊन गेले आणि जुलै २००६ मध्ये सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात दुभत्या गायीही होत्या. जिथे बैलांना कडबा पुरत नाही, तिथे संकरित गायीने काय खायचं, ते कुणी विचारलं नसावं.

मग २००८ च्या अर्थसंकल्पातली कर्जमाफी. दोन हेक्टरपर्यंत संपूर्ण माफ. त्यावर जमीन असेल तर आधी पंचाहत्तर टक्के भरा, मग पंचवीस टक्के सूट. आता बघा, पश्चिम महाराष्ट्रातल्या पाटपाण्याच्या पाच एकरांत ऊस उभा असतो. आमच्याकडे आठ एकर कोरडवाहू असलेला माणूस कागदावर ‘मोठा शेतकरी’ ठरला! ओरड झाल्यावर दुष्काळप्रवण जिल्ह्यांसाठी ही सूट किमान वीस हजार केली गेली. पण उरलेलं आधी भरायचं कुठून?

पुढे २०१७ ची दीड लाखाची माफी आली. तिच्यासाठी नवरा-बायकोने मिळून सेवा केंद्रावर ऑनलाइन अर्ज भरायचा होता. २०१९ च्या डिसेंबरात दोन लाखांची माफी जाहीर झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्राचे वर्षाला सहा हजार सुरू झाले, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. आधी तिथेही दोन हेक्टरची अट होती, ती त्याच वर्षी काढली. २०२३ पासून राज्यानेही तेवढेच जोडले. पैसे थेट खात्यात, मध्ये कोणी खाणारा नाही, हे मोठंच काम. पण ते सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतात. बटईने किंवा मक्त्याने राबणाऱ्याला त्यातलं काही नाही, आणि आमच्याकडे गावोगाव अशी माणसं आहेत. शेताचा मालक शहरात नोकरी करतो, हप्ता त्याच्या खात्यात.

हमीभावाने कापूस आता सीसीआय घेते. २०२५ च्या हंगामात त्यासाठी मोबाईलवर ‘कपास किसान’ ॲपमध्ये नोंदणी करावी लागली. म्हातारी मंडळी नातवांना हाताशी धरून ती करत होती. दोन हजार आले की म्हणतात, "हप्ता पडला." कापसाचे पैसे आले की मात्र अजूनही, "चुकारा झाला."