न जुळणाऱ्या भागांचे चाक : वसई-विरार परिसर आणि सायकल-दुरुस्तीचा ऐतिहासिक अन्वयार्थ

प्रस्तावना :
वसईचा इतिहास मुख्यतः किल्ल्याच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये पोर्तुगीजांशी केलेला तह, चिमाजी अप्पांची १७३९ मधील विजयी मोहीम आणि १८०२ चा वसईचा तह हे त्याचे परिचित टप्पे होत. त्या तुलनेत येथील दैनंदिन जीवनातील साधनांचा विचार कमी झाला. प्रस्तुत लेखात अशाच एका साधनाच्या, म्हणजे सायकलच्या चाकाच्या, एका मर्यादित प्रश्नाचा परामर्श घेतला आहे. हब आणि रिम यांच्या छिद्रांची संख्या जुळत नसताना चाक कसे बांधले जाते आणि ही विसंगती मुळात कोठून आली, हा तो प्रश्न होय.

रेल्वे, शेती आणि चाक :
१२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅक बे ही उपनगरी गाडी सुरू झाली. १९३६ मध्ये विजेवरील गाड्या विरारपर्यंत धावू लागल्या. भाजीपाला, फुले, केळी, विड्याची पाने आणि दूध यांना मुंबईची बाजारपेठ जवळ आली. परंतु वाडी आणि रेल्वे स्थानक यांतील काही किलोमीटरांचे अंतर उरलेच. सपाट किनारी प्रदेशात हे अंतर तोडण्यास सायकल सोयीची होती. कॅरियरवरील ओझ्याचा मुख्य भार मागच्या चाकावर येतो. म्हणूनच मागचे चाक वाकणे हा केवळ तांत्रिक बिघाड नव्हता. त्या दिवशीचा नाशवंत माल गाडीपर्यंत पोहोचणार की नाही, हे त्यावर ठरत असे.

चाक या प्रदेशाला नवे नव्हते. बावखलांवरील रहाट आणि बैलगाडी ही सुतारकामाची परंपरा होती. बैलगाडीच्या चाकात तुंब्यावरचा भार लाकडी आरे दाबाखाली पेलतात आणि लोखंडी धाव सर्वांना आवळून धरते. सायकलच्या चाकात याउलट बारीक तारा ताणलेल्या असतात. जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेत तारा हबला स्पर्शरेषेच्या दिशेने जोडलेल्या होत्या. सुतार तुंब्याला हव्या तितक्या आऱ्यांसाठी भोके पाडू शकत असे; सायकलच्या भागांत मात्र ती संख्या कारखान्यातच ठरून येई.

विसंगतीचे मूळ :
स्वातंत्र्यापूर्वी भारतात बहुतेक सायकली इंग्लंडहून येत. ब्रिटिश रिवाजानुसार पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० तारा असत. पुढे चेन्नईजवळची टी. आय. सायकल्स (१९४९), सोनीपतची अ‍ॅटलास (१९५१), लुधियानाची हीरो (१९५६) आदी कंपन्या उभ्या राहिल्या. भारतीय बनावटीच्या २८ × १½ इंची साध्या सायकलीत ३२-४० हा रिवाज टिकून राहिला. अन्यत्र दोन्ही चाकांना ३६ तारांची पद्धत रूढ झाली. दोन्ही पद्धतींत तारांची बेरीज ७२ हीच येते, वाटणी तेवढी निराळी. मागच्या चाकाला अधिक तारा देण्यामागे भाराचा विचार होता. परंतु त्यामुळे एकाच सायकलच्या दोन रिमा परस्परांच्या जागी सरळ बसेनात. ४० छिद्रांची रिम हाताशी नसली की कारागिरापुढे ३२ छिद्रांची रिम ४० छिद्रांच्या हबवर बांधण्याचा प्रश्न उभा राहतो.

रचनेचे गणित :
हबच्या प्रत्येक बाजूच्या चकतीला २० छिद्रे असतात. रिमच्या वाट्याला एका बाजूने १६ येतात. प्रत्येक पाचवे छिद्र रिकामे सोडले असता चार-चार तारांचे चार गट होतात. हबवर दोन छिद्रांत १८ अंशांचे, तर रिमवर त्याच बाजूच्या दोन छिद्रांत २२.५ अंशांचे अंतर असते. परिणामी गटातील कडेच्या तारा आपल्या आदर्श जागेपासून ६.७५ अंश आणि मधल्या तारा २.२५ अंश सरकतात. चकतीची त्रिज्या २० मिलिमीटर धरल्यास कडेच्या तारेच्या लांबीत दोन मिलिमीटरांहून किंचित अधिक फरक पडू शकतो. हा फरक निपलच्या आट्यांत सामावतो किंवा दोन मापांच्या तारा वापराव्या लागतात. त्यानंतर चाकाचा आऊट काढताना तारा एकदम न आवळता थोड्या-थोड्या आवळाव्या लागतात.

या तडजोडीला किंमत आहे. ४० ऐवजी ३२ तारा राहिल्याने प्रत्येक तारेवरचा वाटा सरासरी सव्वापट होतो. उलट प्रकारात, म्हणजे ३२ छिद्रांचा हब आणि ४० छिद्रांची रिम असता, रिकामी छिद्रे रिमवर येतात आणि तेथे रिमला आधार राहत नाही. त्यामुळे रिकामी जागा हबमध्ये असणे अधिक हितावह ठरते. व्यासाची विसंगती मात्र कोणतीही बांधणी दूर करू शकत नाही. ‘२६ इंची’ म्हणवणाऱ्या रिमांचा टायर बसण्याच्या जागेचा व्यास ५५९, ५८४ किंवा ५९० मिलिमीटर असू शकतो.

समारोप :
अशा चाकाकडे ‘जुगाड’ म्हणून पाहणे अपुरे आहे. त्यात वसाहतकालीन मानक, स्वदेशी उत्पादन आणि स्थानिक गरज यांचा मेळ दिसतो. कारागीर छिद्रांची संख्या, तारेची लांबी आणि ताण यांचा हिशेब हातानेच करतो. त्याची लेखी नोंद क्वचितच राहते. २००९ मध्ये महानगरपालिका झालेला आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात असलेला हा परिसर झपाट्याने बदलला आहे. रिक्षा आणि मोटारसायकलींनी सायकलचे पूर्वीचे काम बहुतांशी आपल्याकडे घेतले आहे. जुने चाक भंगारात जाते, तेव्हा हबवरील रिकामी छिद्रेही जातात. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाने तटबंदीइतक्याच गांभीर्याने तीही मोजावयास हवीत. कारण या ज्ञानाचा दुसरा दस्तऐवज बहुधा मिळणार नाही.