पाषाणाच्या कंठातील सूर

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील लुरे येथील चुनखडीची गुहा १८७८ साली उजेडात आली. तिच्या छतावरून लोंबणाऱ्या अधोमुखी लवणस्तंभांवर आघात केला की नाद उमटतो, हे आरंभीच्या वाटाड्यांनाही ठाऊक होते. पर्यटकांना ते तो हौसेने ऐकवीत.

१९५४ साली लीलंड स्प्रिंकल या गणितज्ञाने त्या नादातून चक्क वाद्य उभारण्याचे मनावर घेतले. हे गृहस्थ पेंटागॉनमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचे शास्त्रज्ञ. हव्या त्या स्वराचा स्तंभ हुडकत त्यांनी सुमारे तीन वर्षे गुहा पालथी घातली. म्हणूनच वाद्याचे ३७ स्तंभ तब्बल साडेतीन एकरांत विखुरलेले आहेत. वादक पट्टी दाबतो. तारेतून वीज धावते आणि दूर अंधारात रबरी टोकाचा हातोडा स्तंभावर पडतो.

नाव ‘ऑर्गन’ असले, तरी येथे नळ्यांतून वाहणारा वारा नाही. भरतमुनींच्या वर्गीकरणाने पाहिले, तर हे सुषिर नव्हे, घनवाद्य ठरते.

आता खटकणारी बाब. निसर्गतः अचूक सुरात असलेले स्तंभ दोनच सापडले, असे सांगतात. उरलेले घासून सुरात आणले गेले. सतार उतरली तर खुंटी पिळता येते. दगडाला खुंटी नसते, घासलेला कण परत चिकटत नाही. थेंबाथेंबाने हजारो वर्षांत साकारलेल्या स्तंभांवर कानस चालवण्याचा अधिकार स्प्रिंकल यांना कोणी दिला, हा प्रश्न मला रास्त वाटतो. वाद्य मात्र विलक्षण आहे, हेही नाकारवत नाही. सूर नेमका कोठून आला, हे गुहेत उभ्या श्रोत्याला उमगत नाही. तो चहूबाजूंनी येतो.